आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी
(घरच्या गॅस-हीटरची दुखणी आणि त्यांवरचे साधे उपाय)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कविता लिहावी, फार तर एखादा ललित लेख लिहावा, असा रिवाज आहे. मी गॅसवर पाणी तापवण्याच्या यंत्राविषयी लिहिणार असे कळताच, हा लेख विज्ञान महाविद्यालयाच्या अंकाकडे धाडावा असा सल्ला मित्रांनी दिला. परंतु पौषातल्या सकाळी आंघोळीला बसणारा माणूस कला शाखेचा आहे की विज्ञान शाखेचा, याची चौकशी थंडी करीत नाही. शिवाय या विषयात जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो पुढे येईलच.

माझी माहिती पुस्तकी नाही. माझे मामा चंद्रपुरात गॅसच्या शेगड्या आणि गीझर दुरुस्त करतात. सुट्टीत त्यांची हत्यारांची पिशवी सांभाळत मी घरोघर हिंडलो आहे. त्या हिंडण्यात जे पाहिले, आणि नंतर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडतो.

चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत ताडोब्याच्या बाजूच्या गावांत, कुरखेडा-धानोऱ्याकडे, भामरागडकडे पहाटे अंग काकडून जाते. या दोन जिल्ह्यांत (२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता) पाणी तापवण्याचे तीन मार्ग आहेत. खेड्यात चूल, कोळसाखाणींच्या वसाहतीत कोळशाची शेगडी, आणि शहरात वीज किंवा गॅस. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, त्याच सुमारास वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतूनही जंगलालगतच्या गावांना सवलतीत गॅस मिळू लागला. त्यामुळे चुलीशेजारी गॅसही आला. वस्तू आली, पण ती बिघडली तर काय करावे हे ज्ञान तिच्याबरोबर आले नाही.

गीझर हा शब्द

'गीझर' हे नाव मूळ आइसलँडमधील एका उष्ण झऱ्याचे. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा किनवटजवळ उनकेश्वराला जसे ऊन पाण्याचे झरे आहेत, तसाच तो. फरक इतकाच की तो मधूनमधून कारंज्यासारखा उसळतो. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉघन नावाच्या कारागिराने गॅसच्या ज्योतीवरून वाहते पाणी नेऊन तत्काळ तापवण्याचे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळालेला वायू बाहेर नेणारे नळकांडेच त्याला नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्याकडच्या पुष्कळ न्हाणीघरांत तीच उणीव आजही आढळते.

दुखणे गॅसचे नसते, हवेचे असते

गॅस-हीटर बिघडला की लोक प्रथम सिलिंडरकडे धाव घेतात. सिलिंडर हलवून पाहतात, आडवा करतात, रेग्युलेटर बदलतात. आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आग एका गावी लागलेली आणि पाण्याचा बंब दुसऱ्याच गावी धावतो. गॅसच्या बाबतीत नेमके हेच घडते. मामांच्या पिशवीमागे फिरून मी जे शिकलो त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की ज्योतीचे दुखणे बहुधा गॅसच्या बाजूला नसते, हवेच्या बाजूला असते.

कारण सोपे आहे. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. एक लिटर प्रोपेन वायू पुरता जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, एक लिटर ब्यूटेनला सुमारे ३१ लिटर. म्हणजे आपण ज्याला 'गॅस जळणे' म्हणतो त्यात मोठा वाटा हवेचाच. १८५५ च्या सुमारास बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जो दिवा तयार झाला, त्याची युक्ती हीच होती. गॅस बारीक भोकातून जोराने सोडायचा, त्या जोराने बाजूच्या छिद्रांतून हवा आत ओढली जाऊ द्यायची, आणि दोन्ही मिसळल्यावर वर पेटवायचे. आपली स्वयंपाकाची शेगडी आणि गीझरचा बर्नर हे दोन्ही बुन्सेनच्या दिव्याचेच वंशज आहेत.

हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आखूड आणि ताठ राहते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब आणि लोळणारी होते. पिवळा रंग म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापलेले कण. तेच पुढे भांड्याच्या बुडाला काजळी म्हणून बसतात. डॉक्टर जशी जीभ पाहतो तशी आपण ज्योत पाहावी. निम्मे निदान तेथेच होते.

दुखणी आणि उपाय

आता एकेक तक्रार घेऊ. प्रथम गीझर काम कसा करतो ते ध्यानात घेतले पाहिजे. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्यावर पडतो. पडदा एक खिळ सरकवतो, खिळीने बटण दाबले जाते, आणि सेलच्या विजेवर ठिणगी पडून गॅसची झडप उघडते. ज्योत लागली की तिच्या शेजारची एक सळी 'ज्योत आहे' अशी खूण देते. ही खूण मिळाली नाही तर काही क्षणांत झडप आपोआप बंद होते. पाणी, ठिणगी, गॅस, खूण, अशी ही साखळी आहे. कोणती कडी तुटली ते शोधायचे, एवढेच दुरुस्तीचे काम.

(१) ठिणगीचा टकटक आवाजच येत नाही. अशा वेळी आधी सेल बदलावेत आणि सेलच्या टोकांवरचा हिरवट गंज खरवडावा. तरी आवाज नसेल तर दोष पाण्याचा समजावा. टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असली की पाण्याला पुरेसा दाब मिळत नाही आणि पडदा हलत नाही. टाकी उंच ओट्यावर चढवावी. पाणी आत येण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती आणि लोखंडी नळाचा गंज तिच्यात अडकतो. जाळी काढून धुतली की पुष्कळ गीझर तेथेच बरे होतात.

(२) ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा भरलेली असते. दोन-तीनदा नळ बंद करून पुन्हा सोडल्यास ती निघून जाते. रबरी नळीला कोठे मुरड पडली आहे का पाहावे. सेल अर्धवट उतरले असतील तर ठिणगीपुरती वीज त्यांत असते, पण झडप उघडण्यापुरती नसते. या स्थितीत गॅसचा वास येऊ लागला तर प्रयत्न तत्काळ थांबवावेत.

(३) ज्योत लागते आणि थोड्या वेळात विझते. खूण देणाऱ्या सळीवर पांढरी राख किंवा काजळी बसलेली असते. जाणत्या माणसाकडून ती पुसून घ्यावी. मात्र विझण्याची दुसरीही कारणे आहेत. बऱ्याच गीझरांत सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. काहींत खोलीतला प्राणवायू कमी झाला की ज्योत बंद करणारा भाग असतो. तेव्हा विझणे हा बिघाड नसून ती पहारेकऱ्याची हाक असते. 'गीझर सारखा बंद पडतो' म्हणून हा पहारेकरीच काढून टाकणारे कारागीर आहेत, आणि त्यांना शाबासकी देणारी घरेही आहेत. मामा असले काम कधीच करत नाहीत. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

(४) ज्योत पिवळी आहे, वर काजळी आहे. हवेची छिद्रे धूळ आणि जाळ्याजळमटांनी बुजलेली असतात. ती कोरड्या ब्रशाने साफ करावीत. ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जुडी असते, त्यांतून पाण्याची नळी फिरते. या पट्ट्यांमध्ये काजळी भरली की जळालेला वायू वर निघून जाऊ शकत नाही, मग ज्योत आणखी पिवळी होते आणि काजळी आणखी साचते. हे काम कारागिराचे आहे, आणि पिवळी ज्योत दिसताच त्याला बोलावले पाहिजे.

(५) ज्योत चांगली आहे, पण पाणी कोमटच येते. पाणी जड असेल तर नळीत आतून चुन्याचा थर बसतो. भांड्यात बसतो तो हाच. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. थर काढावा लागतो. पुष्कळदा मात्र दोष कशाचाच नसतो, नळ जास्त सोडलेला असतो. ज्योतीची उष्णता ठरलेली आहे, ती थोड्या पाण्याला वाटली तर ते कढत होते, जास्त पाण्याला वाटली तर कोमट. हिवाळ्यात टाकीतले पाणी मुळातच गार असते, म्हणून धार बारीक ठेवावी.

(६) गॅसचा वास येतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हा दुर्गंधी पदार्थ मुद्दाम घालतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण सुरूही करू नये आणि बंदही करू नये, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. सांध्यावर फेस लावला आणि बुडबुडे आले की गळती तेथे आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे वाघ गुहेत आहे का हे आत शिरून पाहणे होय. रबरी नळीवर वर्ष छापलेले असते. पाच वर्षांनी ती बदलावी.

येथे एका सवयीविषयी सांगितले पाहिजे. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करणे किंवा त्याला गरम पाण्यात ठेवणे आपल्याकडे सर्रास चालते. सिलिंडर उभाच ठेवायचा असतो, म्हणजे वर जमलेला वायू तेवढा बाहेर येतो. आडवा केल्यास द्रवच नळीत शिरू शकतो, आणि त्या द्रवाचा वायू होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो. भांडेभर गॅस वाचवण्यासाठी घर पणाला लावू नये.

कुंभारमाशीचे घर

ब्रह्मपुरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आम्ही गेलो होतो, तेथली हकीकत सांगतो. एका मावशीच्या घरची शेगडी पेटेनाशी झाली होती. पेटली तरी पिवळा, मरतुकडा जाळ, आणि मधेच बर्नरच्या खाली भडका. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिने रेग्युलेटर बदलला, नळी बदलली, सिलिंडरही परत करून दुसरा आणला. जाळ काही सुधारला नाही. "गॅस तं भरला आहे भाऊ, पण जाळच नाही. मंग जंगलात गेल्याबिगर कसं भागंल?" ती म्हणाली. दोन महिने ती दर चार-पाच दिवसांनी सरपणाला जात होती.

त्या पट्ट्यात सरपणाला जाणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी जंगलात गेलेली किती माणसे वाघाने धरली, हे आपण दरवर्षी वाचतो. त्यांत बायकांची नावे पुष्कळ असतात, कारण वाकून काम करणारी तीच असते.

मामांनी बर्नर काढला, खालची नळी उजेडाकडे धरली. पलीकडचे दिसेना. आत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. पावसाळ्यात चूलच वापरली गेल्यामुळे शेगडी झाकून ठेवली होती, तेवढ्यात माशीने जागा साधली. दुसऱ्या बर्नरच्या बारीक भोकात उतू गेलेली पेज वाळून बसली होती. तारेने माती काढली, भोक पिनेने मोकळे केले. (पिन घालताना भोक मोठे होता कामा नये, नाहीतर गॅस जास्त येऊन ज्योत कायमची पिवळी होते.) सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली. निळा जाळ ताठ उभा राहिला.

या पंधरा मिनिटांची किंमत काय? थोडा हिशेब केला. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही भांड्याला जेमतेम लागतो, म्हणून एका बादलीला सुमारे एक किलो सुके सरपण जाते. गॅसच्या शेगडीवर तेच काम साधारण ५७ ग्रॅम गॅसवर होते. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर अडीचशे बादल्या पाणी तापवतो आणि अडीचशे किलो सरपण वाचवतो. वीस-पंचवीस किलोंची एक मोळी धरली तर एका सिलिंडरमागे जंगलाच्या दहा-बारा खेपा वाचतात.

अर्थात लोक चुलीकडे परततात ते केवळ बिघाडामुळे नव्हे. सिलिंडर भरण्याचे पैसे एकदम जवळ नसतात, एजन्सी दूर असते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. ही कारणे माझ्या लेखाने सुटणारी नाहीत. परंतु ज्या घरी सिलिंडर भरलेला आहे त्या घरच्या बाईला केवळ चिमूटभर मातीपायी जंगलात जावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

न दिसणारा शत्रू

आता शहरातल्या न्हाणीघराकडे येऊ. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर मिनिटाला साधारण १७ ग्रॅम गॅस जाळतो, आणि त्यासाठी सुमारे सव्वादोनशे लिटर हवा घेतो. चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवा किती? सुमारे साडेचार हजार लिटर. दार-खिडकी बंद असेल तर हिशेबाने वीस मिनिटांत सगळी हवा वापरली जाईल. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी पडतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणूनच वीस मिनिटांनी बंद होणाऱ्या गीझरवर सगळा भार टाकून चालत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. दार उघडावे असे वाटेपर्यंत कडीपर्यंत हात पोचत नाही. आमच्याच आळीत एक मुलगी अशी न्हाणीघरात पडली. तिच्या आईला पाण्याचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून शंका आली आणि दार तोडून तिला उघड्यावर आणले, म्हणून ती वाचली. त्या घरचा गीझर नवा होता, सिलिंडर भरलेला होता, कोणताही भाग बिघडलेला नव्हता. थंडी येते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता, एवढेच.

म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. ते शक्य नसेल तर जळालेला वायू बाहेर नेणारे नळकांडे असलाच पाहिजे, वर उघडा झरोका आणि खाली दाराला फट असलीच पाहिजे. आणखी बरे म्हणजे आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मग आंघोळीला बसावे. कोणी पडलेले आढळल्यास प्रथम दार सताड उघडावे, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

हाच नियम कोळशाच्या शेगडीला लागू आहे. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरकडे शेगडी अंगणात पेटवतात, आणि धूर संपून निखारे लाल झाले की ऊब मिळावी म्हणून रात्री घरात आणून ठेवतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, अशी समजूत आहे. खरे पाहता कार्बन मोनॉक्साइड त्या लाल निखाऱ्यांतूनच निघतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत त्याच वायूच्या जळण्याची असते. गॅसच्या बर्नरवर निळा रंग आरोग्याची खूण आहे, कोळशाच्या शेगडीवर तो इशारा आहे. जळती शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये.

थोडे आपल्याविषयी

मी काही नवे सांगितलेले नाही. ज्योत कशी दिसते ते पाहा, हवेची वाट मोकळी ठेवा, जाळी धुवा, सांध्याला फेस लावा, एवढीच ही विद्या. दिवाळीच्या सफाईत गीझरचा आणि शेगडीचाही एक दिवस धरला तर वर्षभराची चिंता मिटते.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हिवाळ्यात खेड्यात भरते. तेथे आपण रस्ता दुरुस्त करतो, गटारे काढतो, रात्री पथनाट्य करतो. माझी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे की यंदा त्यात एक दुपार घराघरांतील शेगड्यांसाठी ठेवावी. सामान फार लागणार नाही. एक पिन, एक तार, एक ब्रश आणि वाटीभर साबणाचे पाणी. दुरुस्ती जमली नाही तरी नळीवरचे वर्ष वाचून दाखवता येईल, १९०६ हा आकडा भिंतीवर खडूने लिहून देता येईल. एका गावातल्या चार शेगड्या जरी निळ्या जाळाने पेटल्या, तरी जंगलाच्या चाळीस-पन्नास खेपा वाचतील. बंब रामेश्वरीच पोचवायचा तर कोणीतरी तेथवर जायला हवे, आणि सात दिवस आपण जातोच आहोत.